भाषणात भिजलेला वाफा

२० जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. (प्रवासात कंबर धरली आहे, तेव्हा निम्माच नमस्कार, बाकीचा उधार.)

पोचले. खोलीच्या खिडकीतून शाळेची मागची भिंत आणि तिला लागून माझं शेत दिसतं. शेत म्हणजे लांबट तुकडा. त्यात विटांचे तुकडे, बाटल्यांची झाकणं आणि कुणाची तरी एक चप्पल. मुख्याध्यापिकाबाईंनी स्पष्टच सांगितलं की शेती हा विषय या वर्षापुरता प्रयोग आहे. पालकसभेच्या दिवशी तिथे दाखवण्यासारखं काही नसलं, तर त्या जागेवर स्कूटर लावायची सोय होईल. विषयाबरोबर मीही जाईन हे त्या बोलल्या नाहीत, पण मला तेवढं कळतं.

आत्या, काल मी पहिला तास घेतला! मुलं झोपायच्या तयारीनेच बसली होती. मी मूठभर माती हातात घेतली आणि थेट तुझ्यासारखी बोलले. म्हटलं, बी अंधारात एकटं पडलेलं असतं, तहानलेलं असतं, आणि त्याची हाक फक्त पेरणाऱ्यालाच ऐकू येते. एक जांभई नाही! सगळे जिला 'प्रश्नचिन्ह' म्हणतात ती मुलगी तर डोळे पुसत होती. बाबांशी भांडून तू मला शेतीच्या कॉलेजात घातलंस, त्याचं काल चीज झालं.

माझी कुंडी तुझ्या भरवशावर आहे.

तुझा लोभ कुंडीबरोबर वाटून घ्यायला तयार असलेली,
ढेकूळ


२७ जून

चि. ढेकूळ हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र उभ्यानेच वाचलं, रागाने बसवेना. स्कूटर? ज्या मातीने यांना जन्मभर जेवू घातलं तिच्यावर स्कूटर? मुलांनी ग्रहताऱ्यांची अंतरं पाठ करायची, राजांच्या सनावळ्या घोकायच्या, आणि ताटातलं अन्न कुठून आलं ते मात्र विचारायचं नाही! पालकसभेला मी येते. अर्धा तास बोलू दे मला. लोक आपापल्या स्कूटर ढकलत घरी नेतील.

दादा दुकानात शिलाईच्या मशीनवर बसून गिऱ्हाइकांना सांगतो की माझी पोरगी प्राध्यापक झाली. मी दुरुस्ती केली, तर म्हणाला, कापड तेवढंच आहे, जरा सैल शिवलंय.

कुंडीला सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी, आणि आठवण झाली की दुपारीही. शिवाय मी तिच्याशी बोलते.

भाषण लिहायला बसलेली,
आत्या


१६ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

टोमॅटोची रोपं उगवली होती. मुलं नाचली होती. आता सगळा वाफा आडवा झाला आहे. देठ जमिनीलगत दोऱ्यासारखे बारीक होऊन कोलमडले. मुळाशी सतत ओल राहिली की असं होतं, हे मी परीक्षेत लिहून आले होते. पण एवढी ओल आली कुठून? पाणी घालायच्या पाळ्या ठरलेल्या, त्या कुणी मोडल्या नव्हत्या. सकाळी वाफा ओला दिसायचा, तेव्हा मला वाटे शिपाईमामांनी माया केली. मी रोज त्यांचे आभार मानायची आणि ते रोज मान डोलवायचे!

आज लवकर गेले, तर घंटेआधीच वाफ्याभोवती अख्खा वर्ग. कुणाकडे बाटली, कुणाकडे डब्याचं झाकण, एकाची नुसती ओंजळ. हाक फक्त पेरणाऱ्यालाच ऐकू येते, असं मीच सांगितलं होतं ना? मग दुसऱ्याच्या पाण्यावर विसंबून कोण राहणार? रोपं कशाने मेली ते सांगितल्यावर प्रश्नचिन्हाने विचारलं की जीव लावूनच ती मेली असतील, तर जीव लावायला शिकवलंत कशाला. तूच सांग, तिला काय सांगू?

बाबा लिहितात की रोपवाटिकेतून तयार रोपं आणून गुपचूप लाव. ठिगळ आतून असलं की कुणाला दिसत नाही. मी जाऊन पाहून आले. रोपं देखणी आहेत, आत्या. नोकरी टिकेल. काय करू? आणि एक सांगते, रागावू नकोस: तू भाषणाला येऊ नकोस. हा वाफा भाषणातच बुडाला.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारी,
ढेकूळ


२१ जुलै

चि. ढेकूळ हिस,
अ. उ. आ.

रागावले. घरात चार फेऱ्या मारल्या. मग राग दादाच्या सल्ल्याकडे वळवला.

ती रोपं आणायची नाहीत! ठिगळ पालकांना दिसणार नाही, पण मुलांना ठाऊक असेल. आईबापांसमोर उभी राहून ती उसनी रोपं आपली म्हणून दाखवतील, आणि हे त्यांना त्यांच्या बाईंनी शिकवलेलं असेल. स्कूटर लागल्या तर जमीन जाईल; असं केलंस तर मुलं जातील. मेलेला वाफा उपटू नकोस. तसाच ठेव, शेजारी दुसरा कर. जेवढं उगवेल तेवढं दाखव. नोकरी गेलीच, तर तुझी कॉट इथे आहे तशी आहे, आणि दादाला मी बघून घेते.

त्या मुलीला सांग की जीव लावणाऱ्याने आधी विचारावं, हवंय का. कुंडीची पानं पिवळी पडली आहेत. का, ते तुझ्या पत्रातच वाचलं.

मी येत नाही. एवढं कठीण वाक्य मी आजवर लिहिलेलं नाही.

तुझ्या बाजूने गप्प बसलेली,
आत्या


२४ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. (कंबर बरी आहे. मागची बाकीही चुकती.)

काल पालकसभा झाली. दोन वाफे शेजारी शेजारी होते: एक मेलेला, एकात टीचभर रोपं. मुख्याध्यापिकाबाई रिबीन बांधलेली झारी घेऊन आल्या. पाणी घालून उद्घाटन करायचं ठरलं होतं. सगळे फोटोला सज्ज. तेवढ्यात प्रश्नचिन्ह आडवी आली. बाईंना म्हणाली की आधी मातीत बोट घाला. ओली माती बोटाला चिकटली तर पाणी घालायचं नाही, असा आमचा नियम आहे. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण बाईंनी अंगठी काढली, वाकल्या आणि बोट घातलं. माती चिकटली. भरलेली झारी कुठे ठेवावी ते त्यांना कळेना.

मग त्यांनी शेजारच्या वाफ्याचं विचारलं. सगळा वर्ग एकदम म्हणाला की तो आम्ही मारला. कुणी कुणाकडे बोट दाखवलं नाही. कसा मारला तेही मुलांनीच सांगितलं. मी एक शब्द बोलले नाही, आत्या! आज बाईंनी बोलावून सांगितलं की विषय पुढच्या वर्षीही राहील आणि स्कूटर फाटकापाशीच लागतील. निघताना हळूच विचारलं की त्यांच्या घरच्या कुंडीचं काय करावं.

बाबांनी शिवलेला खोल खिशांचा कोट मी सभेला घातला होता. त्यांना सांग, एकही ठिगळ नाही, बाहेरून नाही की आतून नाही. कॉलेजात तू पाठवलंस, शेती कॉलेजने शिकवली. पण त्या देखण्या रोपांपासून परत फिरवलंस ते तूच. हे उपकार मला फेडायचे नाहीत, जपायचे आहेत.

दिवाळखोर असूनही श्रीमंत,
ढेकूळ


३० ऑगस्ट

चि. ढेकूळ हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दादाला वाचून दाखवलं. तो मशीन थांबवून ऐकत होता. मग गिऱ्हाइकाला म्हणाला की माझी मुलगी शाळेत शेती शिकवते. सैल काही ठेवलं नाही, नेमक्या मापाचं सांगितलं.

मी रोज कुंडीत बोट घालते. पाणी घालायला हात शिवशिवतो, पण माती चिकटते, म्हणून हात मागे घेते. काल एक नवं पान आलं. मी काही बोलले नाही.

पालकसभेसाठी लिहिलेलं भाषण फाडवलं नाही. चांगलं जाड झालं होतं. घडी करून कुंडीखाली ठेवलं आहे. कधी हात आवरला नाहीच, तर जादा पाणी ते टिपून घेईल.

तुझी, आणि आता थोडी कुंडीचीही,
आत्या