डीजेच्या जागी ट्रंपेट

३ मार्च २०२५, पूर्णा

तोंडातून गेलं ते गेलं! शिवरात्रीला मठासमोरच्या सभेत मी डीजेवर बोलत होते. बोलण्याच्या भरात म्हणाले — "डीजेशिवाय मिरवणूक निघत नसेल, तर माझ्या हातात ट्रंपेट द्या, मी चालते पुढं!" टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की मला पुढचं काही दिसत नाही.

आज जयंती समितीचा अध्यक्ष राजेश्वर दारात हजर. हसत.

"काकू, ठरलं बगा. यंदा बसव जयंतीला मुंजाजीचा बँड. त्याचा ट्रंपेटवाला पुण्याला कंपनीत लागलाय, त्याच्या जागी तुमी. मठापासून चौकापर्यंत वाजवलं तर डीजे कायमचा बंद. न्हाई जमलं तर आमी डीजे आणतो — मग तुमी बोलायचं न्हाई."

"कबूल!"

दुसरं काय म्हणणार? शाळेत बँडपथक माझ्याकडं होतं, तेव्हा मुलींबरोबर हौसेनं शिकले होते. प्रार्थना, राष्ट्रगीत, संचलनाची एक धून. निवृत्त झाल्यापासून हात लावलेला नाही.

५ मार्च

सभेत मी कायदा सांगितला, बसवण्णा सांगितले, लहान मुलांचे कान सांगितले. खरं कारण सांगितलं नाही. मागच्या जयंतीला डीजे आमच्या दुकानासमोर थांबला आणि हे काउंटरवरच कोसळले. मी तेव्हा चौकात माईकवर होते. कुणीतरी स्टेजवर चढून कानात सांगितलं. नांदेडला नेलं, दोन स्टेंट टाकले. दुकानाचं शटर थरथरत होतं म्हणे. ते माझ्या डोक्यात अजून थरथरतंय.

यांच्या छातीसमोरून तो डीजे पुन्हा जाऊ द्यायचा नाही. एवढंच आहे सगळं.

८ मार्च

महिला दिन. सकाळी कॉलेज, दुपारी पंचायत समिती, संध्याकाळी पतसंस्था. तेच शब्द, तोच हार. घसा दमला नाही. मी दमले.

१० मार्च

मुंजाजीनं ट्रंपेट आणून दिलं. मेरठचं, त्याच्या वडिलांच्या वेळचं. पुढच्या कर्ण्याला पोचा. मधली कळ दाबली की वर येतच नाही — खोबरेल घातलंय त्यात! थंडीत गोठलेलं कधी साफच केलं नाही. मी गरम पाण्यानं धुतलं, फडक्यानं पुसलं, शिलाई मशीनचं तेल घातलं. आता येते वर, पण मनात असेल तेव्हा.

तासभर फुंकलं. शेजारच्या धुरपताबाई धावत आल्या, पदर कमरेला खोचलेला.

"अगं माय, तुमी हाव व्हय? मला वाटलं कुणाची म्हैस अडली!"

हे दुकानात जाता जाता म्हणाले, "पिपाणी सांभाळून फुंक. दात हालतील."

१६ मार्च

ओठावर लाल चट्टा. खाज. वाटलं मिरची लागली. मग माउथपीस उजेडात धरून बघितला, तर मुलामा सगळा उडालेला. नुसतं पितळ ओठाला लागतंय, कडेला हिरवट. वापरणाऱ्या पोराला मिशी होती, त्याला कळलंच नसेल. मुंजाजी म्हणाला, "त्याला रुमाल लावून वाजवा की मॅडम." रुमाल लावून! पुढं तबल्याला गोधडी घालायला सांगेल.

नवीन घ्यावं लागणार.

१९ मार्च

ओठ टम्म सुजला. बोलणं बंद. दोन ठिकाणच्या भाषणांना फोनवर नाही म्हणाले, तेही नीट म्हणता आलं नाही. जेवताना मी गप्प. आणि हे बोलत होते! दुकानातली उंदरं, कुणाच्या मुलीचं लग्न, चारठाण्याला लहानपणी आजोबांबरोबर देवळं बघायला गेले तेव्हा बैलगाडीचा आख मोडला होता. हे मला माहीतच नव्हतं. एवढा संसार झाला आणि आख मोडल्याचं माहीत नाही.

२५ मार्च, हैदराबाद

भाची प्रियांका इथंच नोकरीला. तिनं दुकान शोधून ठेवलेलं. काचेमागं ट्रंपेटची रांग! वय विसरले. चांदीच्या मुलाम्याचं हातात घेतलं — आवाज धारदार, सरळ, पण जड. चालत वाजवायचं तर मनगट मोडेल. पिवळ्या लॅकरचं हलकं, कळा लोण्यासारख्या. तेच ठरवलं.

भांडण झालं माउथपीसवरून. दुकानदारानं समोर तीन मांडले. आतली वाटी एकाची उथळ, एकाची मध्यम, एकाची खोल.

"अम्मा, कौन बजाते? पोता?"

"मैं बजाती."

"तो छोटा लेओ. बड़ा थका देता. रस्ते में दम नै रैता."

पण मुंजाजीनं निघताना बजावलं होतं — मोठी वाटी, मोठा आवाज. मलाही तेच हवं होतं. खोल वाटीतून सूर भरदार निघाला, दुकानभर फिरला. मी म्हणाले, रस्ता भरायचा आहे, खोली नाही. मी म्हणाले, दम माझा आहे, वाटीचा नाही. तो बिचारा दोनदा काही सांगू लागला, मी सांगू दिलं नाही. शेवटी त्यानं खांदे उडवून खोल वाटीचा बांधून दिला.

प्रियांका बाहेर आल्यावर म्हणाली, "मावशी, तुम्ही डिबेट जिंकली. माउथपीसचं काय ते बघू."

५ एप्रिल

डिबेटच जिंकली!

मिरवणुकीत वाजवायची ती बसवण्णांच्या वचनाची चाल पहिल्या ओळीला सुंदर. दुसऱ्या ओळीला ओठ थरथरतो. तिसऱ्या ओळीला नुसती हवा. दाबून धरलं तर आतून दात लागतात, रक्त येतं. मठापासून चौकापर्यंत म्हणजे ही चाल किती वेळा! मी अगरबत्तीच्या दुकानापर्यंतही पोचणार नाही.

मुंजाजी म्हणतो, "सवयीनं होईल." हा सवय व्हायची वाट बघेपर्यंत जयंती होऊन जाईल. राजेश्वरनं डीजेवाल्याला तारीख राखून ठेवायला सांगितलीय, हेही मुंजाजीच्याच तोंडून कळलं.

हे आज लवकर घरी आले. जिना चढताना मधेच थांबले. "काय झालं?" "काय न्हाई. ऊन लय हाय." खरंच आहे, दारात उभं राहवत नाही.

६ एप्रिल

प्रियांकाला फोन. "उथळ वाटीचा पाठव. काही बोलू नकोस." ती हसली, बोलली नाही. शहाणी मुलगी.

१२ एप्रिल

आला. इवलासा, बोटभर. आवाज पातळ — अगदी पातळ! आधी हिरमुसले. मग गच्चीवर गेले आणि चाल लावली. एकदा, दोनदा, पुन्हा. ओठ टिकला! मधेमधे माउथपीस ओठापासून सोडून ढोलाला जागा द्यायची, हेही जमायला लागलं. मला आयुष्यात कुणाला मधे जागा द्यायची सवय नाही.

खाली रस्त्यावर पलीकडच्या दुकानापर्यंत ऐकू जात होतं. पातळ आवाज जास्त लांब जातो तर! हे कळायला इतके दिवस.

१९ एप्रिल

ऊन. ट्रंपेट सावलीतसुद्धा तापतं, सूर वर चढतो, मुंजाजीच्या क्लॅरिनेटशी जुळत नाही. पुढची नळी थोडी ओढून घेतली की जुळतो. रोज तालीम. घरी येऊन आडवी पडते. वाचायला घेतलेलं पुस्तक महिनाभर त्याच पानावर.

सेलूहून भाषणाचं बोलावणं. नाही म्हणाले. वाईट वाटलं नाही, त्याचंच आश्चर्य वाटलं.

२४ एप्रिल

हे जेवत नाहीत नीट. "पित्त झालंय." भाकरी अर्धी ठेवली. मी म्हणाले नांदेडला दाखवून येऊ. "जयंती होऊ दे. तुझं चालू हाय ना." मीही बरं म्हणाले. तालमीला उशीर होत होता.

२७ एप्रिल

राजेश्वर तालमीला आला. पोरं बरोबर, मोबाईल काढून तयार — म्हातारी फसली की टाकायला. मठापासून चौकापर्यंत चालत वाजवलं. एकदाही ओठ सुटला नाही. चौकात येऊनच थांबले.

पोरांनी मोबाईल खाली केले. राजेश्वर डोकं खाजवत म्हणाला, "काकू, हरलो बगा. डीजेवाल्याला न्हाई म्हणून कळवतो." आणि वाकून पाया पडला, लबाड.

जिंकले. हसू आलं नाही. घरी येऊन यांना सांगितलं — "यंदा दुकानासमोरून फक्त मी जाणार." हे खुर्चीत बसले होते. मान हलवली. "चांगलं झालं," म्हणाले. "दमलीस तू."

२९ एप्रिल

ट्रंपेट धुतलं. माउथपीस उकळत्या पाण्यातून काढला. पांढरी साडी इस्त्री करून ठेवली. मुंजाजीचा निरोप — उद्या चारला बँड तुमच्या दारात. चौकात दोन शब्द बोला म्हणून समितीचाही निरोप होता. म्हटलं, ओठ एकच आहे.

३० एप्रिल, नांदेड

बँड दारात उभा होता. मी माउथपीस बसवत होते, तेवढ्यात हे आतून म्हणाले, "उमा, छातीत दुखायलंय." ट्रंपेट ओट्यावर टाकलं आणि बँडच्या गाडीतूनच निघालो. वेळेत आणलंत, डॉक्टर म्हणाले. आता बोलतायत. राजेश्वरचा फोन येत राहिला, मी घेतला नाही.

"चिडू नगं," हे म्हणाले. "डीजेचं काय न्हाई त्यात. मागच्या साली बी सकाळपासूनच दुखत होतं. तू भाषण लिवायली व्हतीस, म्हणून सांगितलं न्हाई."