पारा उतरला होता, अण्णा
अण्णा, ज्योतीवर काचेची नळी वाकवून, पारा भरून केलेला बॅरोमीटर, रे रोडच्या वखारीतून आणलेल्या सागाच्या फळीवर बसवलेला; तेलाच्या डब्याच्या पत्र्याचा वातकुक्कुट; तांब्याच्या डब्यावर नरसाळं बसवून केलेलं पर्जन्यमापक. हे सगळं मी माझ्या हातांनी केलं. शिकवायला कोणी नव्हतं. रद्दीतली पुस्तकं होती आणि लालबागच्या आपल्या चाळीची गच्ची. तुम्ही त्याला भंगार म्हणायचात.

ताईच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, ऐन जानेवारीत, मी म्हणालो, "मांडवावर ताडपत्री टाका, उद्या पाऊस आहे." दोन दिवस मला दिसत होतं. आधी पश्चिमेकडून पिंजलेल्या कापसासारखे उंच ढग, मग दक्षिणेचा वारा, उकाडा, आणि रोजचा चढउतार वगळूनही पारा तीन मिलिमीटर खाली. उत्तरेची गार, जड हवा पाचरीसारखी उबदार हवेखाली घुसते, तिला वर ढकलते, म्हणून पाऊस. पाचर पुढे सरकली की वारा वायव्येला फिरतो, पारा चढतो, थंडी पडते. हा क्रम ठरलेला. तुम्ही मांडववाल्याकडे वळून हसलात. "ही आमची वेधशाळा! दहावीला सायन्समध्येच उडालीय." तो म्हणाला, "मग जिलबीला पाक किती तारी लागंल, तेपण विचारा की!"

मग तुम्ही वाण्याच्या दुकानातून तुमच्या ऑफिसच्या साहेबांना माटुंग्याला फोन केलात. साहेब बी.एस्सी. तेही म्हणाले, लक्षण पावसाचं आहे. ताडपत्री चढली. दुसऱ्या दिवशी अक्षता पडताना सर आली, संध्याकाळी बायकांनी शाली पांघरल्या, आणि पंक्तीत तुम्ही प्रत्येकाला सांगत होतात, "साहेबांमुळे अब्रू वाचली." तुमच्या मागेच मी मठ्ठा वाढत होतो.

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. वारा वायव्येला फिरला की अजून मला तेच वाक्य ऐकू येतं.

गेल्या आठवड्यात जुन्या वस्तू जमवणारे एक गृहस्थ आले. बॅरोमीटर बघून म्हणाले, "सगळं तुमच्या हातचं?" मी हो म्हणालो. खोटं बोललो. पट्टीवरचे आकडे तुमचे आहेत. लग्नानंतरच्या रविवारी माझे वाकडे आकडे खरवडून तुम्ही ते ऑफिसच्या टाकाने पुन्हा काढलेत. मी एवढंच म्हणालो होतो, "सातशे अठ्ठावन्नची रेघ अर्धा मिलिमीटर वर गेलीय." तुम्ही टाक पुसून ठेवून दिलात. ती रेघ मी अजून सुधारलेली नाही.

त्यांनी सव्वा लाख देऊ केले. मी नाही म्हणालो.