तिसरी किल्ली

मी अजून मेलेले नाही, तरी माझ्या मृत्युपत्राच्या वाचनाची तारीख ठरली आहे, आणि ती घरात सगळ्यात शेवटी मला कळली. येत्या गुरुवारी टीव्हीवाला, तो टोपीवाला, त्याचे कॅमेरे घेऊन परत येणार, मला पिवळ्या सोफ्यावर बसवणार, आणि कोणाला काय मिळालं ते मी वाचत असताना प्रत्येकाचं तोंड जवळून दाखवणार. थोरल्या मुलाने मला न विचारता होकार देऊन टाकला. वर मलाच सांगतो, "आई, तू फक्त नेहमीसारखी बोल. लोकांना तुझं बोलणं आवडतं."

तर बोलते. पण गुरुवारी नाही.

आता सगळ्यांना नमस्कार. मी खाली सही करणारी, वय एकाहत्तर, शिक्षण चौथी, धंदा कुलपं दुरुस्त करणं व किल्ल्या बनवणं, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणी हात न पिरगाळता, स्वतःच्या अक्षरात हे मृत्युपत्र लिहून ठेवते. हा कागद उद्या, बुधवारी, मी जिवंत असताना वाचायचा आहे. वकील म्हणाले, असा कागद माणूस गेल्यावर वाचतात. त्यांनी त्यांचा तसा वाचावा.

कलम एक, घर. घर वरती, दुकान खाली, दोन्ही माझ्या नावावर. पुढच्या दोन खोल्या थोरल्याला. मागची खोली, वेगळ्या जिन्यासकट, धाकट्या सुनेला. धाकट्या मुलाला नव्हे, तिलाच, तिच्या एकटीच्या नावाने. त्या खोलीचं कुलूप बदलायचं आहे, आणि ते मी बदलणार नाही. पलीकडच्या चौकातल्या कुलूपवाल्याकडून बदलून घ्यावं. त्याने माझी गिऱ्हाइकं पळवली, माझ्या कामाला नावं ठेवली, त्याचं तोंड पाहिलं की माझी दिवसभर चिडचिड होते. पण त्याने अजून कोणाची खोली परक्याला उघडून दिलेली नाही.

मी दिली आहे. ते कसं झालं, ते पुढे येतं.

साक्षीदारांना माहीत आहे, तरी कागदावर हवं: गेल्या वर्षी अकरा आठवडे आमच्या घरात टीव्हीचे कॅमेरे होते. कुटुंब कसं राहतं, कसं भांडतं, ते दाखवायचा कार्यक्रम. टोपीवाला त्यातला मुख्य. घरातही टोपी काढत नाही, म्हणून हे नाव. थोरल्याचा कारखाना बंद पडला होता, दोन वर्षं तो खिडकीत बसून होता. त्यानेच आमचं घर सुचवलं. पहिला भाग लागला आणि रस्त्यात लोक त्याला हाक मारून थांबवायला लागले. माझा मुलगा वाईट नाही. जन्मात पहिल्यांदा कोणीतरी त्याच्याकडे वळून पाहत होतं.

खोटं कशाला लिहू, मलाही ते गोड लागलं. माणसं चार चौक ओलांडून किल्ली करायला यायची, आणि मी दोन शब्द सुनावले नाहीत तर हिरमुसून जायची. दवाखान्यात एक बाई म्हणाली, तुम्हाला बघून मी तीन वर्षांनी सासूला फोन केला. हे चांगलं झालं, ते मी नाकारत नाही. आणखी एक. धाकटी सून मला चहा देण्याआधी कपाला बाहेरून बोट लावून बघते, माझं तोंड भाजू नये म्हणून. सहा वर्षं ती हे माझ्या नाकासमोर करत होती. मला ते टीव्हीवर दिसलं. शरमेची गोष्ट आहे, पण लिहिते.

कलम दोन, किल्ल्यांचं मशीन, कानशी, कोऱ्या किल्ल्या आणि दुकान. हे सगळं नातीला, म्हणजे थोरल्याच्या मुलीला. वय तेरा. कार्यक्रम चालू असताना एकदा तिच्या बोटांवर खिडकी आपटली. तिने आधी कॅमेरा कुठे आहे ते पाहिलं, आणि मग रडली. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. म्हणून तिला दुकान देते. किल्ली रडून होत नाही, चुकली तर कुलूप उघडत नाही, तिथे कोणाचं कौतुक नसतं. ती मोठी होईपर्यंत दुकान तिच्या आईने, माझ्या थोरल्या सुनेने सांभाळावं. ती बडबडी आहे, पण हात साफ आहे.

दुकानाच्या भिंतीवरची ओळ पुसायची नाही. ती माझ्या नवऱ्याने रंगवली: कुलपाचा मालक समोर असल्याशिवाय किल्ली मिळणार नाही. त्यानेच मला धंदा शिकवला. तो गेल्यावर एकोणीस वर्षं मी ही ओळ पाळली. गयावया करणारे आले, दमदाटी करणारे आले, एक तर चक्कर येऊन पडल्याचं नाटक करून गेला. मी पाणी दिलं, किल्ली दिली नाही.

आता ते लिहिते.

धाकट्याने आणि त्याच्या बायकोने सुरुवातीलाच सांगितलं होतं, आमच्या खोलीत कॅमेरा नको. करारातही तसं होतं. खोलीच्या किल्ल्या दोन, एक त्याच्याकडे, एक तिच्याकडे. नवव्या आठवड्यात थोरला सकाळी खाली दुकानात आला. हातात धाकटीची किल्ली. ती अंघोळीला गेली की खुंटीवर टांगून जायची. म्हणाला, एक अशीच करून दे, पंख्याजवळून वायर न्यायची आहे.

मी म्हटलं, "मालक कुठे आहे?"

तो म्हणाला, "मालक तूच ना? घर कोणाचं आहे?"

मी किल्ली मशीनला लावली. दुकानाच्या भिंतीतून जो पाइप जातो, त्यातून तिच्या अंघोळीचं पाणी खाली येत होतं. ते मला ऐकू येत होतं. ते थांबायच्या आत मी काम उरकलं आणि तिची किल्ली पुन्हा खुंटीवर गेली.

वायरीवर माझा विश्वास बसला नव्हता. टोपीवाला आदल्या दिवशीच मला म्हणाला होता, आजी, मागच्या खोलीशिवाय घर अर्धंच दिसतं. आणि मला बघायचं होतं. माझ्या पाठीमागे ती माझ्याबद्दल काय बोलते, ते मला बघायचं होतं. थोरल्याने मागितली म्हणून दिली असं मी म्हणू शकते, पण मग हा कागद फाडून टाकलेला बरा.

त्या खोलीत गुपचूप कॅमेरा लागला, आणि पुढचं सगळ्या गावाने पाहिलं. धाकटी पलंगावर बसून नवऱ्याला सांगते आहे, "या घरात मला मूल नको." तेवढंच दाखवलं, आणि त्याआधी मी जुनी बाळाची टोपडी घडी करताना. तिच्या कामाच्या ठिकाणी लोकांनी तोंडावर विचारलं. रस्त्यात तिला घर मोडणारी म्हणाले. कापलेलं वाक्य मला नंतर धाकट्याने सांगितलं. ते असं होतं: "आई वाईट नाहीत, पण आता त्या माझ्याशी बोलतानाही कॅमेऱ्याकडे बघतात. इथे मूल झालं तर त्याचं रडणंसुद्धा हे लोक दाखवतील."

चार महिने झाले, ती बहिणीकडे राहते आणि नवऱ्याला दार उघडत नाही. तिचा हिशेब सरळ आहे: किल्ल्या दोन, एक तिच्याकडे होती, म्हणजे त्याने दिली. तो माझ्याकडे आला होता. म्हणाला, "आई, ती विचारते किल्ली कोणी दिली, आणि माझ्याकडे उत्तरच नाही." मी मशीनवरून मान वर केली नाही. म्हटलं, बायकोची समजूत घाल. तो गेला. त्या दिवशी मी तीन किल्ल्या बिघडवल्या.

काम झाल्यावर थोरल्याने ती तिसरी किल्ली मला परत दिली. म्हणाला, वितळवून टाक. मी वितळवली नाही. ती या कागदाला दोऱ्याने बांधली आहे. तिच्या डोक्यावर कानशीची तिरपी रेघ आहे. मी केलेल्या प्रत्येक किल्लीवर ती असते, हात आपोआप मारतो. पलीकडचा कुलूपवालासुद्धा ओळखेल.

कलम तीन. बँकेतलं जे असेल ते दोन्ही सुनांना सारखं. पिवळा सोफा टोपीवाल्याचा, त्याला परत. त्यावर बसलं की माझे पाय जमिनीला टेकत नाहीत. थोरल्याने यापुढे घरात कॅमेरा आणण्याच्या कुठल्याही कागदावर सही केली, तर त्याच्या दोन खोल्या त्याच क्षणापासून नातीच्या समजाव्यात. गुरुवारी दार उघडणार नाही, हे टोपीवाल्याला त्याने स्वतः कळवावं.

वाचन असं होईल. जागा दुकान, शटर खाली. सगळ्यांचे फोन लोखंडी पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली धाकटीच्या हातात. शेजारच्या नर्सने तिला बोलावणं पोचवलं आहे. ती येते म्हणाली नाही. कॅमेरा दिसला तर उंबऱ्यातून परत जाईन, एवढंच म्हणाली. त्याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावते आहे.

वरील मजकूर माझा, खाडाखोड माझी.

सही (स्वतःच्या हाताची)

साक्षीदार एक: समोरचा चष्मेवाला. वाचलं. सही.
साक्षीदार दोन: शेजारची नर्स. वाचलं, आणि आजींनी हे चार महिने आधीच लिहायला हवं होतं. सही.

ठिकाण: दुकान. मंगळवार, तारीख अकरा, दुपारी बारा.

सहीनंतर एक राहिलं, तेही कागदाचाच भाग समजावं. उद्या धाकटी विचारेल, किल्ली कोणी दिली. पहिलं उत्तर मी देणार, उभी राहून. माझ्यानंतर थोरल्याने द्यावं, तिच्याकडे बघून. धाकट्याने तोंड उघडायचं नाही. त्याला पुरे झालं विचारून.