चौदा अंश

३ मार्च, मंगळवार

१. शनिवारी आत्या शिडीवरून पडली. उजव्या गुडघ्याखालचं हाड मोडलं.
२. काल ऑपरेशन झालं. भावोजींनीच केलं, हाडांचे डॉक्टर घरातच. एक प्लेट, आठ स्क्रू.
३. प्लेट आमच्या कारखान्याची. मी जिथे बसते त्याच खोलीत अशा प्लेटा तपासल्या जातात.
४. आज एक्स-रे पाहिला. सांध्याजवळचे दोन स्क्रू तिरके आहेत.

आत्या शुद्धीवर आली तेव्हा पहिला प्रश्न — "शिडी परत केली का गं? शेजाऱ्यांची आहे." म्हणजे डोकं शाबूत आहे.

४ मार्च, बुधवार

कोन मोजला. समोरून अकरा अंश, बाजूने नऊ. दोन्ही मिळून खरा कोन चौदा. एकच फोटो पाहणारा अकरावर समाधान मानतो.

या प्लेटच्या भोकांना आतून आटे असतात, स्क्रूच्या डोक्यालाही. स्क्रू सरळ गेला की आटे सगळीकडून धरतात. तिरका गेला की एकीकडून धरतात, दुसरीकडून नुसते टेकतात. दहा अंशांपर्यंत टिकतात, हे मी स्वतः पाहिलंय. चौदावर पावलामागून पाऊल पडलं तर काय होतं, हे कुणीच पाहिलेलं नाही!

६ मार्च, शुक्रवार

भावोजींना फोन केला. आधी हसले. "मेहुणीबाई, मोजपट्टी घेऊनच जन्माला आलीस!" मग आवाज बदलला. "सरळ घातला असता तर थेट भेगेत गेला असता. आणि तुमच्याच पुस्तिकेत पंधरापर्यंत चालतो असं छापलंय. आता बोल."

छापलंय खरं. पण ती चाचणी एकदाच जोर देऊन घेतलेली. माणूस एक पाऊल टाकून थांबत नाही.

११ मार्च, बुधवार

आत्या घरी आली. सहा आठवडे पाय टेकायचा नाही — भावोजींची ताकीद.

मी कृत्रिम हाडाचे तीन नमुने केले. तशीच भेग, तेच तिरके स्क्रू, मशीनवर आत्याच्या वजनाइतका भार, पावलांसारखा पुन्हा पुन्हा. स्क्रू सुटणार असेल तर ती चालायला लागण्याआधी कळायला हवं. विभागप्रमुख डोकावून गेले. "घरचा पाय ऑफिसच्या मशीनवर?"

"पाय घरचा, प्लेट ऑफिसची."

मी मशीन सुरू केलं.

१३ मार्च, शुक्रवार

पहिला नमुना टिकला.

ताईचा फोन. "ते तिच्या उशाशी बसून होते, आणि तू त्यांच्या चुका काढतेस? आई गेल्यावर जिने आपल्याला वाढवलं, तिच्या बाबतीत ते हयगय करतील?"

हयगय म्हटलंच नाही. चौदा म्हटलं. मशीनचं सांगितलं. स्क्रू सुटला तर पाय पुन्हा उघडावा लागेल, हेही सांगितलं. तिने फोन ठेवला.

१७ मार्च, मंगळवार

दुसराही टिकला. आनंद झाला. कुणाला सांगितलं नाही.

२० मार्च, शुक्रवार

तिसऱ्यात स्क्रू सुटला. डोकं आधी केसभर वर आलं, आणि मग वेळ लागला नाही. प्लेट हाडावर हलायला लागली.

तीनपैकी एक. हा आकडा घेऊन कुणाकडे जाऊ? भावोजी म्हणतील दोन टिकले. मी म्हणेन एक सुटला. दोघंही खरं बोलत असू. पुन्हा ऑपरेशन म्हणजे या वयात पुन्हा भूल, पुन्हा टाके. नाही केलं तर —

२१ मार्च, शनिवार

दुपारीच घरी आले. आत्या ओट्यापाशी उभी. दोन्ही पायांवर!

"कधीपासून?"

"ओरडू नकोस."

"आत्या, कधीपासून?"

"आठवडा झाला. फोनवर म्हणत होतीस ना, पुन्हा उघडावा लागेल? मी काय बहिरी आहे? मशीनवर माझा खोटा पाय नाचवतेस, म्हटलं खराही चालवून बघू. तुटायचा तर तुटू दे, पण पुन्हा टेबलावर झोपणार नाही. तुम्ही दोघं भांडताय माझ्या पायावरून. मला विचारलंत कुणी?"

नाही विचारलं. तीन आठवडे मी तिच्या पायाबद्दल सगळ्यांशी बोलले. तिच्याशी नाही.

खुर्चीत बसवलं. दुखतं का विचारलं. हळूच म्हणाली — "कालपासून आत काहीतरी कुरकुरतंय."

भावोजींना फोन केला. कोनाचा क काढला नाही. ते गाडी घेऊन लगेच आले.

२२ मार्च, रविवार

एक स्क्रू वर आलाय. लवकर चालल्यामुळे की चौदा अंशांमुळे, हे कधीच कळणार नाही. असं लिहायला मला आवडत नाही, पण तसंच आहे.

भावोजी बराच वेळ एक्स-रे धरून उभे होते. माझ्याकडे पाहिलं नाही. आत्याला म्हणाले, "तुम्ही सांगा, काय करायचं?"

"आता विचारताय होय, जावईबापू! करा. पण या खेपेला हिला शेजारी उभी करा, कोनमापक घेऊन."

मी तिथे हसले नाही. बाहेर आल्यावर हसू आलं. मग ते थांबेना, म्हणून जिन्यात बसून राहिले.

२५ मार्च, बुधवार

नवी प्लेट, जरा खाली सरकवून. स्क्रू भेग चुकवून सरळ गेले. दोन्ही फोटोंत मोजले. आत्या भुलीतून उठून भुकेजली.

३० मार्च, सोमवार

भावोजींनी एक्स-रे पाठवलेत. आत्याचे नाहीत. सात वेगवेगळे गुडघे, प्रत्येक समोरून आणि बाजूने. खाली लिहिलंय —

"हे सगळे अजून चालायला लागायचे आहेत. कोन मोजून शुक्रवारपर्यंत कळव."