अंगणातलं शेवटचं इंजिन

रहिमतपूर, सप्टेंबर १९९६

चि. शिवतेज यास आईचा आशीर्वाद.

पलटणीतनं तू लिवलंस तसंच केलं. तुझ्या आबांनी लिलावात घेऊन जमवलेली चौदा जुनी इंजिनं काल आपल्याच अंगणात लिलावाला काढली. दर दसऱ्याला त्यांना हळदकुंकू लावताना माझी कंबर मोडायची, तोंडबी सुटायचं. आबा गेल्यापासून तेबी बंद. विधवेनं लावायचं नसतं म्हणं.

तेरा गेली. शेवटी राहिलेल्या, आपल्या विहिरीवरच्या आबांच्या पहिल्या इंजिनाला भंगारवाल्यानं बोली लावली, तशी मीबी लावली. माणसं हसली. "आवं काकी, तुमचंच हाय की!"

"व्हय, म्हणूनच," मी म्हटलं.

आज सकाळी त्याला माझ्या हातानं हळदकुंकू लावलं. ते काय बोललं न्हाई.

हे पत्र टाकणार न्हाई. तू लय बोलशील.

तुझी आई