सौम्य विषाणूचा वारस

मी, डॉ. माया देवमन खंडारे, वय बहात्तर, अविवाहित, अकोल्यात वनस्पती-विषाणूशास्त्राची नोकरी करून निवृत्त, हल्ली राहणार अमरावती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं शाबूत आहे, गुडघे नाहीत. गुडघ्यांची अट कायद्यात नाही. मला कोणी धाक दाखवलेला नाही. दाखवला असता तर त्याचं नाव इथे आलं असतं. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. बँकेतल्या ठेवी भाची आकांक्षा हिला. तिने पुढे शिकावं अशी इच्छा आहे, सक्ती नाही.

२. सूक्ष्मदर्शक व पुस्तकं माझी शेवटची विद्यार्थिनी रश्मी हिला.

३. माझे एकेकाळचे विभागप्रमुख वामनराव यांना काही नाही. माझ्या कामाला ते 'बाईचा हट्ट' म्हणत. पुढे परदेशातल्या परिषदेत त्यांनीच ते 'आमचं संशोधन' म्हणून वाचलं. शोकसभेत त्यांनी बोलू नये. बोललेच, तर 'आमचं' म्हणू नये.

४. घरामागचं शेडनेट, म्हणजे जाळीखालची रोपवाटिका, व त्यातला विषाणू. संत्र्याची झाडं झुरवून मारणारा एक विषाणू आहे; मावा कीड तो पसरवते. शेंदूरजनाघाटला भगवंतरावांची अख्खी बाग त्याने गेली, मधोमध एकच झाड हिरवंगार राहिलं. मी नेमकी त्याचीच फांदी मागितली, तेव्हा भगवंतराव चिडले. "बाई, मेलेल्या झाडायले पाहा ना! हे त चांगलं हाय, याले कायले तोडता?" त्या चांगल्या झाडात त्याच विषाणूचा सौम्य भाऊबंद निघाला. तो रोपात आधीपासून असला तर उग्र विषाणूला थारा मिळत नाही. हे सिद्ध करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. आज तीन देशांतले संशोधक त्यावर पुढचं काम करत आहेत. मला त्याचा अभिमान आहे; मृत्युपत्रात नम्रतेचं सोंग करून काय मिळणार?

हा मूळ विषाणू बाटलीत टिकत नाही, जिवंत झाडातच राहतो. झाड थकलं की त्याच्या फांदीवरचा डोळा, म्हणजे कोंब, जंबेरी लिंबाच्या नव्या खुंटावर कलम करून भरावा लागतो. भगवंतरावांचं झाड म्हातारं होऊन गेलं. मी आणखी दोन ठिकाणी रोपं दिली होती, तीही वाळली. आता तो फक्त माझ्या शेडनेटमध्ये उरला आहे. रश्मीची नोकरी बदलीची, आणि झाडाला रोज पाहणारं माणूस लागतं.

५. माझा धाकटा भाऊ धम्मदीप. त्याचीही संत्र्याची बाग होती. तिच्यात उग्र विषाणू सापडला तेव्हा सगळी झाडं तोडायला मीच सांगितलं. सौम्य विषाणू नंतर सापडला, आणि लागण झालेल्या झाडाला तो वाचवतही नाही. सल्ला बरोबर होता. आजही हाच देईन. तो म्हणाला, "लोकायचे झाडं वाचवले, माह्ये तोडाले लावले." मग तो बडनेऱ्यात ऑटो चालवू लागला आणि माझ्याशी बोलणं त्याने सोडलं.

कोरोनाच्या पहिल्या वर्षी मी दवाखान्यात होते. शेडनेटवर 'विषाणू कक्ष' ही पाटी मीच लावलेली. गल्लीतल्या लोकांनी ती इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट वाचली आणि पेट्रोल घेऊन आले. झाडांचा विषाणू माणसाला होत नाही, हे सांगायला मी तिथे नव्हते. शेजारच्या जमुनाबाईंनी धम्मदीपला फोन केला. त्याने फाटकात ऑटो आडवा लावला. "ताईचे झाडं हायेत. आधी मले हात लावा, मंग झाडायले." त्या दिवसांत कोणी कोणाला हात लावत नव्हतं. लोक परत गेले.

हे त्याने मला सांगितलं नाही, जमुनाबाईंनी सांगितलं. माझा त्याच्यावर फार जीव आहे, हे मीही त्याला सांगितलेलं नाही.

म्हणून घर धम्मदीपला, विनाअट. विषाणूही त्यालाच, पण एका अटीवर: डोळा कसा भरायचा हे त्याने माझ्या हाताखाली शिकलं पाहिजे. पुस्तक वाचून ते येत नाही, आणि मी गेल्यावर ही अट पुरी करता येणार नाही. खुंट तयार आहेत. चाकूला धार लावून ठेवली आहे. फाटकाला मी आतून कडी लावत नाही.

सही: माया देवमन खंडारे
साक्षीदार: जमुना नत्थुजी ठाकरे, शेजारी
साक्षीदार: डॉ. किशोर तायडे (डोकं तपासून)
अमरावती, १२ जानेवारी २०२५

प्रत: धम्मदीप देवमन खंडारे, बडनेरा. माझ्या मृत्यूची वाट न पाहता आजच पोचती करावी.