कर्ण्याची पाठ

३ फेब्रुवारी, मंगळवार
कॉलेजने तासिकांवरची माझी नेमणूक पुढे चालू ठेवली नाही. बरंच झालं. आता पक्षीनिरीक्षणाच्या सहली काढणार. मुरबाडच्या पलीकडे डोंगराखालच्या दाट रानात कर्णा पक्षी आहे. नराचं डोकं काळं, गळ्याखाली पांढरी पट्टी, पोट लालभडक. त्या पोटासाठी शहरातली माणसं येतील.
मेहुणा रत्नदीप म्हणतो, भावजी, किन्हवलीला माझ्या झेरॉक्सच्या दुकानात बसा. पौर्णिमाने निकाल दिला, महिनाअखेरपर्यंत तुमचा कर्णा, मग माझा भाऊ.
संकल्प : स्वतः पाहिल्याशिवाय लोकांना एक शब्द सांगायचा नाही.

८ फेब्रुवारी, सकाळी
दिसला! म्हणजे दिसली. तपकिरी पाठ, लांब शेपटी, टोकाला कात्रीने कापल्यासारखी. डोकं काळं, की सावली? खात्री नाही. मादी धरतो. मादीचं पोट पिवळट असतं. तेही दिसलं नाही. पाठ माझ्याकडे.

१२ फेब्रुवारी
तीच फांदी, तीच पाठ. मी डावीकडे सरकलो, तिनेही अंग वळवलं. पुस्तकात आहे, माणसाची चाहूल लागली की हा पक्षी रंगीत बाजू लपवतो. ते नराबद्दल असणार. मादीला लपवायला आहे काय?
पौर्णिमा म्हणाली, नाल्यापलीकडून जाऊन बघा ना. पाचोळा वाजतो, हे तिला कोण सांगणार.

२२ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळी
ठाण्याहून चौघं आली. पहिला नियम सांगितला : बोलायचं नाही.
पक्षी बसला. पाठ करून. एकाने कुजबुजत विचारलं, हाच का तो लाल? हो म्हणता आलं असतं. जीभ वळली नाही. मादी आहे, म्हणालो. दुसरा म्हणाला, सर, असा तर आमच्या बिल्डिंगच्या पाइपवर पण बसतो.
पौर्णिमा नाल्यापलीकडून पोह्यांचा डबा घेऊन येत होती. थबकली, हात वर केला, तोंड उघडलं. मी ओठांवर बोट ठेवलं. ती गप्प. एवढी शिस्त तरी तिने पाळली.
चौघं जेवायलाही थांबली नाहीत. नर आला की कळवा, म्हणे.

२३ फेब्रुवारी
सहज विचारलं, काल हात का वर केला होतास?
भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमचा कर्णा माझ्याकडं तोंड करून बसलेला. गळ्यात पांढरी माळ. पोट असं लाल, पिकलं तोंडलं फुटावं तसं."
"मग ओरडली का नाहीस?"
"तुमीच बोट लावलं तोंडावर. चार माणसांत तुमचा मान नको राखायला?"
मी विचारलं, प्रकाशाचा भास तर नसेल? तिने भाकरी तव्यावर आपटली.
चौघांना फोन केले. एकाने उचलला. नरच होता, बायकोने पाहिला, असं सांगितलं. तो हसला. बराच वेळ हसला.

२ मार्च, सोमवार
किन्हवली. झेरॉक्सचं मशीन आतल्या भिंतीशी आहे, म्हणून रस्त्याकडे पाठ करून बसतो. कॉलेजची जुनी मुलं याच रस्त्याने जातात, त्याचा याच्याशी संबंध नाही.
दुपारी रत्नदीप ओरडला, "भावजी, तोंड इकडं करा ना! दुकानात कोण नाय असं वाटून गिऱ्हाईक परत चाललं."
कागद अडकलाय, म्हणालो.
अडकला नव्हता.